लंडनमध्ये उतरायचं कुठे?

लंडनला निघालेल्या माणसाचं विमानाचं तिकीट काढून झालं की त्याला पहिला प्रश्न छळतो तो उतरायचं कुठे हा. काय पाहायचं, ते नंतर. एकदा जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार असतं आणि ते दुसऱ्याच्या उत्तराशी जुळत नाही. कुणी म्हणतं पॅडिंग्टनला राहा, विमानतळावरून सरळ पडतं. कुणी म्हणतं वेम्बलीला राहा, चार पैसे वाचतील आणि जेवणाचे हाल होणार नाहीत. कुणी ब्लूम्सबरी सुचवतं, कुणी अर्ल्स कोर्ट. मग आपण रात्री फोन घेऊन बसतो. पडद्यावर दोन चाळण्या असतात, भाग आणि भाडं. त्या खालीवर करत आपण खोली शोधतो.

पॅडिंग्टनच्या आसपासच एवढी हॉटेलं का? त्यांच्या खोल्या इतक्या चिंचोळ्या का, आणि चार मजले चढूनही लिफ्ट का नाही? त्याच पैशांत पूर्वेकडे मोठी खोली का मिळते? ही उत्तरं शंभर-दीडशे वर्षांच्या इतिहासात सापडतात. हा इतिहास वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. लंडनमध्ये जागा शोधणाऱ्याला पूर्वी दोन नाही, तीन चाळण्यांमधून जावं लागे. भाग कुठला आणि खिशात किती, या दोन्हींचं गणित जमल्यावरही दार उघडणारी बाई समोरच्याकडे पाहून ठरवायची, याला आत घ्यायचं की नाही. आपल्याकडून तिथे गेलेल्या कित्येकांची गाठ या तिसऱ्या चाळणीशी पडली.

वारा, फाटक आणि रंगीत नकाशा

लंडनची श्रीमंती पश्चिमेला आणि गरिबी पूर्वेला, हे ढोबळ विधान बरंचसं खरं आहे. त्याची कारणंही साधी आहेत. राजवाडा आणि संसद पश्चिमेला वेस्टमिन्स्टरमध्ये, तर जहाजं लागायची ती नदीच्या खालच्या अंगाला, पूर्वेला. शिवाय वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून वाहतो. कोळशावर चालणाऱ्या शहरात याचा अर्थ असा, की धूर आणि वास पूर्वेकडे जाणार. कातडी कमावणारे, साबण करणारे, गोदीत ओझी वाहणारे पूर्वेला राहिले. ज्यांना परवडत होतं ते वाऱ्याच्या दिशेने सरकत गेले.

पश्चिमेकडची बरीचशी जमीन मोजक्या सरदार घराण्यांची होती. ते जमीन विकत नसत. ठरावीक वर्षांच्या पट्ट्याने देत, आणि त्या करारात घर कसं बांधायचं, त्यात काय करायचं नाही, हेही लिहून घेत. ब्लूम्सबरी हे बेडफर्डच्या ड्यूकच्या जहागिरीतलं. तिथे दुकानं आणि खानावळी येऊ नयेत, भाग ‘सभ्य’ राहावा, यावर जहागिरीची करडी नजर असे. रस्त्यांवर चक्क फाटकं होती आणि त्यांवर पहारेकरी. ही फाटकं निघायला १८९३ साल उजाडावं लागलं. आज ज्या भागात विद्यार्थी पाठीवर पिशव्या टाकून हिंडतात, तिथे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सामानाने भरलेल्या गाडीलाही अडवत होते.

पण ‘भाग’ ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही, हे दाखवून दिलं चार्ल्स बूथ यांनी. बूथ हे जहाजांच्या धंद्यातले श्रीमंत गृहस्थ. लंडनमध्ये गरीब किती, यावर नुसताच वाद चालतो, मोजत कुणी नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी स्वतःच्या पैशाने मोजायला सुरुवात केली. १८८९ साली त्यांनी नकाशा प्रसिद्ध केला. त्यात लंडनची एकेक गल्ली तिथल्या रहिवाशांच्या आर्थिक स्थितीनुसार रंगवली होती. सात रंग. काळा सर्वांत खालच्या थराचा, मग गडद निळा, फिकट निळा, जांभळा, गुलाबी, लाल आणि सर्वांत श्रीमंतांचा पिवळा. बूथ यांच्या हिशेबाने शहरातले ३०.७ टक्के लोक दारिद्र्यात होते. लोकांच्या अंदाजापेक्षा हा आकडा बराच मोठा होता.

हा नकाशा पाहताना नजर खिळते ती रंगांच्या शेजारावर. पिवळ्या चौकाच्या पाठीमागे निळी बोळ, लाल रस्त्याला खेटून काळी गल्ली. श्रीमंतांच्या घरामागे त्यांचे तबेले, तबेल्यांवर कोचमनची बिऱ्हाडं आणि त्यापलीकडे धुणी धुणाऱ्या बायकांची वस्ती. म्हणजे लंडनमध्ये जागा निवडायची तर भागाचं नाव पुरत नाही, रस्ता पाहावा लागतो, कधीकधी रस्त्याची बाजूसुद्धा. आजही तिथला माहीतगार माणूस ‘किंग्ज क्रॉसला घेऊ का?’ असं विचारल्यावर ‘कुठला रस्ता?’ असं उलट विचारतो, ते यामुळेच.

स्टेशनाच्या दारातली हॉटेलं

प्रवाशाने कुठे उतरायचं हे ठरवण्यात वाऱ्याखालोखाल वाटा रेल्वेचा. १८४०च्या दशकात रेल्वे कंपन्यांना आपापली गाडी थेट शहराच्या मध्यापर्यंत न्यायची होती. तसं झालं असतं तर लंडनचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला असता. १८४६मध्ये एका शाही आयोगाने नदीच्या उत्तरेला एक हद्द आखून दिली आणि तिच्या आत रेल्वेला मज्जाव करावा अशी शिफारस केली. ही शिफारस बऱ्याच अंशी पाळली गेली. म्हणून आजचा नकाशा उघडला तर पॅडिंग्टन, युस्टन, सेंट पँक्रस, किंग्ज क्रॉस ही स्टेशनं मध्य लंडनच्या उत्तरेच्या कडेला माळेतल्या मण्यांसारखी ओळीने दिसतात. १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, तीही हीच स्टेशनं एकमेकांना आणि शहराच्या व्यापारी भागाला जोडण्यासाठी.

गाडी कडेला थांबते म्हटल्यावर प्रवासीही कडेलाच उतरणार. युस्टनला १८३९मध्ये हॉटेल झालं. पॅडिंग्टनला १८५४मध्ये भलंमोठं ग्रेट वेस्टर्न उभं राहिलं. सेंट पँक्रसच्या लाल विटांच्या मिडलंड ग्रँडमध्ये १८७३मध्ये पाहुणे येऊ लागले. ही रेल्वे कंपन्यांची हॉटेलं पैसेवाल्यांसाठी होती. ज्यांना ती परवडत नव्हती त्यांच्यासाठी मागच्या गल्ल्यांमध्ये लहान हॉटेलं आणि खोल्या भाड्याने देणारी घरं तयार झाली. पॅडिंग्टनजवळचं ससेक्स गार्डन्स, किंग्ज क्रॉसजवळचा अर्गाइल स्क्वेअर, व्हिक्टोरियाजवळचा बेलग्रेव्ह रोड हे स्वस्त हॉटेलांचे पट्टे आजही स्टेशनांना धरून आहेत. गाड्यांच्या वाफेचा धूर केव्हाच विरला, हॉटेलांची जागा हलली नाही.

‘भाग आणि भाडं’ अशी चाळणी छापील स्वरूपात आणली जर्मन प्रकाशक बेडेकर यांनी. त्यांचं इंग्रजीतलं लंडनचं मार्गदर्शक पुस्तक १८७८ साली निघालं. लाल कापडी बांधणीच्या या पुस्तकांत हॉटेलांची यादी भागवार असे आणि त्यांचे दरही दिलेले असत. आपल्या फोनचा हा पणजोबा.

रेल्वेने प्रवाशांची जागा ठरवली, तशी लंडनच्या कामगारांचीही. ग्रेट ईस्टर्न कंपनीला लिव्हरपूल स्ट्रीटचं स्टेशन बांधायचं तर हजारो गरिबांची घरं पडणार होती. संसदेने १८६४च्या कायद्यात अट घातली, की एडमंटन आणि वॉल्थमस्टोहून कामगारांसाठी पहाटेच्या गाड्या सोडा आणि जाऊन-येऊन भाडं दोनच पेनी ठेवा. स्वस्त भाडं मिळालं म्हणून ईशान्येकडची उपनगरं कामगारांची झाली. खोलीचं भाडं आणि गाडीचं भाडं एकत्र धरल्याशिवाय लंडनमधला हिशेब पुरा होत नाही, हा धडा तेव्हाचा. लांब राहिलं तर खोली स्वस्त मिळते, पण रोजच्या तिकिटात ती बचत किती उरते हे कागदावर मांडून पाहावं लागतं.

आठ शिलिंगांची खोली

असा हिशेब काटेकोरपणे मांडणाऱ्यांत एक एकोणीस वर्षांचा काठेवाडी विद्यार्थी होता. मोहनदास गांधी १८८८च्या शरदात लंडनला पोचले आणि नॉर्थम्बरलँड अव्हेन्यूवरच्या व्हिक्टोरिया हॉटेलात उतरले. हॉटेल वर्षभरापूर्वीच उघडलेलं, झगझगीत. हॉटेलाचं बिल तीन पौंड झालं आणि एवढं देऊनही आपण जवळजवळ उपाशीच होतो, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं. त्यानंतर रिचमंडला एका मित्राकडे महिनाभर, मग वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईच्या घरी ते राहिले. पुढे त्यांनी अशा ठिकाणी खोल्या घेतल्या, जिथून कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी जाता येईल. गाडीभाडं वाचलं आणि चालणं झालं. शेवटी दोन खोल्यांची एक झाली. आठवड्याला आठ शिलिंग भाडं, खोलीत एक शेगडी, सकाळी ओटची लापशी, रात्री पाव आणि कोको. खाण्याचा खर्च त्यांनी दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला.

पौंडाचे शिलिंग वीस आणि शिलिंगाचे पेन्स बारा. या हिशेबाने आठवड्याचं खाणं आठ शिलिंग नऊ पेन्स, खोली आठ शिलिंग, मिळून सोळा शिलिंग नऊ पेन्स. पौंडाच्या आत. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना गांधींनी ‘लंडनचा मार्गदर्शक’ लिहायला घेतला. हिंदुस्थानातून शिकायला येणाऱ्याने कपडे कोणते आणावेत, राहावं कसं, आठवड्याला एका पौंडात भागवावं कसं, याचा तपशील त्यात आहे. तेव्हा हे पुस्तक छापलं गेलं नाही. आज ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात वाचता येतं. सत्याग्रहाचं नावही जन्माला आलं नव्हतं तेव्हा गांधी पाव आणि भाड्याचा ताळेबंद मांडत होते.

त्या काळच्या लंडनमध्ये याहून स्वस्तातही राहता येई. लॉर्ड रोटन यांनी १८९२च्या अखेरीस व्हॉक्सहॉलमध्ये एकट्या कामगारांसाठी वसतिगृह उघडलं. रात्रीला सहा पेन्स देऊन पडद्याएवढ्या भिंतींची खोलीवजा जागा, स्वच्छ चादर आणि अंघोळीची सोय मिळे. त्याच्याही खाली सार्वजनिक धर्मशाळांसारखी ‘कॉमन लॉजिंग हाउसं’ होती. एकेका खोलीत खाटांची रांग. त्यांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची करणारा कायदा १८५१चा, म्हणजे क्रिस्टल पॅलेसचं जागतिक प्रदर्शन भरलं त्याच वर्षीचा.

गांधी राहिले तशा भाड्याच्या खोल्या आल्या कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. बेजवॉटर, केन्सिंग्टन, पिम्लिको इथली पाच-सहा मजली घरं मोठ्या कुटुंबांसाठी बांधलेली होती. तळघरात स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, वर झोपायच्या खोल्या आणि अगदी माथ्यावर मोलकरणींच्या. नोकरांच्या फौजेशिवाय असं घर चालत नाही. श्रीमंतांना नवी उपनगरं आवडू लागली, पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनासे झाले आणि ही घरं एका कुटुंबाला पेलेनाशी झाली. एखादी विधवा किंवा दोन अविवाहित बहिणी घर भाड्याने घेत आणि खोल्यांत पाहुणे ठेवत. घरांची झाली बोर्डिंग हाउसं, मग एकेका खोलीची बिऱ्हाडं, मग हॉटेलं. ससेक्स गार्डन्समध्ये चौथ्या मजल्यावर उतरत्या छपराची स्वस्त खोली मिळाली आणि सामान जिन्याने ओढत न्यावं लागलं, तर समजावं की आपण एखाद्या मोलकरणीच्या खोलीत उतरलो आहोत. तिच्यासाठी लिफ्ट बसवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तिसरी चाळणी

गांधींच्या आधीपासून लंडनला येणाऱ्या हिंदी माणसांत सर्वांत जास्त संख्या खलाशांची होती. त्यांना लस्कर म्हणत. जहाज रिकामं झालं की परतीचं काम मिळेपर्यंत ते गोदीच्या आसपास हाल काढत. त्यांच्यासाठी लाइमहाउसमध्ये वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली परदेशी खलाशांचं वसतिगृह उघडलं. त्याला महाराजा दुलीपसिंग यांनी देणगी दिली होती. साहेबांची मुलं सांभाळत विलायतेपर्यंत आलेल्या आयांची गत याहून बिकट. पोचल्यावर कित्येकींना कामावरून काढून टाकत आणि परतीचं तिकीट मिळेलच असं नसे. त्यांच्यासाठी आधी ऑल्डगेटमध्ये आणि १९००पासून हॅकनीतल्या किंग एडवर्ड्स रोडवर ‘आयाज होम’ होतं. या लोकांना भाग निवडायचा प्रश्नच नव्हता. जिथे कुणी घेईल तो त्यांचा भाग.

विद्यार्थ्यांकडे पैसे होते, इंग्रजी होतं, कोट-टायही होता. तरी विसावं शतक उजाडता उजाडता त्यांना खोल्या मिळणं कठीण होत गेलं. पत्राने ठरलेली खोली चेहरा पाहिल्यावर ‘नुकतीच गेली’ असं सांगितलं जाई. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १ जुलै १९०५ रोजी हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू या घरात ‘इंडिया हाउस’ सुरू केलं. त्यामागे राजकारण होतंच, पण हा रोजचा अपमानही होता. मराठी वाचकाला हे घर ‘भारत भवन’ म्हणून ठाऊक आहे, ते १९०६मध्ये तिथे राहायला आलेल्या विनायक दामोदर सावरकरांमुळे. हायगेट शहराच्या उत्तरेला टेकडीवर, मध्यभागापासून चांगलंच लांब. पण तिथे खोलीसाठी कुणाकडे तोंड वेंगाडावं लागत नव्हतं. पंचवीसेक विद्यार्थ्यांची सोय होती. एकाच छपराखाली राहून जेवणारी, वाद घालणारी ही मुलं पुढे काय करणार, याची काळजी सरकारला लागून राहिली, यात नवल नाही.

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर इंडिया हाउस बंद पडलं. मागे गुप्त पोलीस आणि वर्तमानपत्रांत नाव, अशा सावरकरांना लंडनमध्ये डोकं टेकायला जागा मिळणं अवघड होऊन बसलं. सरकारने १९१०मध्ये साउथ केन्सिंग्टनला म्युझियमांसमोर २१, क्रॉमवेल रोड इथे हिंदी विद्यार्थ्यांसाठी अधिकृत घर उघडलं. नव्याने आलेल्यांना काही दिवस राहता येई, खोल्यांचे पत्ते मिळत. जागा उत्तम, भाग उत्तम. तरी पुष्कळ विद्यार्थी तिकडे फिरकायचे टाळत, कारण पत्ता सांगणारा माणूस आपल्यावर नजरही ठेवतो असा त्यांना संशय होता. सोयीचा रस्ता, परवडणारं भाडं, आणि तरीही नको वाटणारी खोली. ही गोष्ट कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात मावत नाही.

वयाने आणि मानाने मोठ्या माणसाची गोष्ट थोडी वेगळी. लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी १९१८च्या अखेरीस लंडनला गेले आणि वर्षभर राहिले ते मेडा व्हेलमधल्या १०, हाउली प्लेस या घरात. कालव्याजवळचा शांत, झाडांचा भाग. खटला ते हरले, खर्च प्रचंड झाला. त्या घरावर आज त्यांच्या नावाची पाटी आहे.

विद्यार्थ्यांना स्वतःचं म्हणता येईल असं ठिकाण मिळालं ते १९२० साली, वायएमसीएच्या हिंदी वसतिगृहाच्या रूपाने. ब्लूम्सबरीत सुरू झालेलं हे वसतिगृह युद्धातल्या बाँबहल्ल्यात सापडलं आणि १९५०च्या दशकात फिट्झरॉय स्क्वेअरवरच्या नव्या इमारतीत आलं. आजही तिथे राहता येतं आणि वरण-भातावर जेवता येतं.

बडोदा आणि किंग हेन्रीज रोड

याच काळात डॉ. भीमराव आंबेडकर लंडनमध्ये होते. १९१६मध्ये ते पहिल्यांदा तिथे गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून १९१७मध्ये परतावं लागलं आणि करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. तिथे त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता: उतरायचं कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, वहीत पारशी नाव लिहवून त्यांना राहावं लागलं. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन जिना चढून आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगितलं. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. कोलंबियाचा पदवीधर, संस्थानाचा अधिकारी कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे मनातून पुसलं गेलं होतं, असंही त्यांनी त्यात म्हटलं आहे.

१९२०मध्ये साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२मध्ये त्यांचा पत्ता होता १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिल. युस्टनहून निघणारा लोहमार्ग या रस्त्याच्या कडेनेच जातो. कोळशाच्या गाड्यांच्या काळात अशा घराचं भाडं कमी असणार, हे बूथ यांचा नकाशा न पाहताही कळतं. इथून ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय चारेक किलोमीटर. पैसे वाचवायला पायी जायचं, दार उघडताना आत शिरायचं आणि बंद होताना बाहेर पडायचं, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. खाण्याचे हाल होते, घरमालकीण कडक होती. लंडनच्या त्या काळच्या दारांवरही माणसं रंगावरून पारखली जात होती. तरी पैसे मोजून घेतलेल्या खोलीत काठ्या घेऊन कुणी आलं नाही. आंबेडकरांच्या बाबतीत दोन शहरांची तुलना करायची तर स्टेशन किती जवळ, न्याहारी कशी, हे निकष अपुरे पडतात.

हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५मध्ये तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. रेल्वेच्या कडेचा तो रस्ता आता लंडनच्या महागड्या भागात मोडतो.

पाच गिनी

हॉटेल आणि भाड्याची खोली यांत इंग्लंडच्या कायद्याने फार जुना फरक केला होता. सराईवाल्याने जागा शिल्लक असेल आणि प्रवासी पैसे द्यायला तयार असेल तर सबळ कारणाशिवाय त्याला नाकारायचं नाही. घरात खोल्या देणाऱ्यावर मात्र असं बंधन नव्हतं. घर तिचं, मर्जी तिची.

यातला पहिला भाग किती खरा, याची परीक्षा १९४३च्या जुलैत झाली. वेस्ट इंडिजचे गाजलेले क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर सामना खेळायला सहकुटुंब लंडनला आले. रसेल स्क्वेअरच्या इंपीरियल हॉटेलात त्यांनी चार रात्रींसाठी खोल्या ठरवल्या होत्या. पोचल्यावर त्यांना सांगण्यात आलं, की एकच रात्र राहता येईल. गोऱ्या अमेरिकन सैनिकांना चालणार नाही, असं कारण पुढे आलं. कॉन्स्टंटाइन दुसऱ्या हॉटेलात गेले, पण त्यांनी दावा लावला. १९४४मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई पाच गिनी, म्हणजे पाच पौंड पाच शिलिंग. रक्कम किरकोळ असली तरी रंगावरून प्रवाशाला नाकारता येत नाही, हे न्यायालयात लिहिलं गेलं.

भाड्याच्या खोल्यांचं काय? युद्धानंतर वेस्ट इंडिज, भारत, पाकिस्तानातून माणसं कामाला आली तेव्हा खोल्यांच्या जाहिरातींत ‘काळे नकोत’ असं उघड छापलं जाई. मग जिथे घेत तिथे दुप्पट भाडं देऊन गर्दीने राहायचं. नॉटिंग हिलची पडकी मोठाली घरं पीटर रॅकमनसारख्या मालकांनी अशीच तुकडे करून भाड्याने दिली. १९५८मध्ये त्याच भागात कृष्णवर्णीयांवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. आज नॉटिंग हिलमध्ये रंगीत दारांपुढे फोटो काढायला रांगा लागतात आणि तिथली खोली खिशाला भोक पाडते. पंजाबी साउथॉलला एकवटले, पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती वेम्बलीकडे. ‘वेम्बलीला राहा, जेवणाचे हाल होणार नाहीत’ या आजच्या सल्ल्यामागे, इतरत्र दारं मिळेनात म्हणून एकमेकांच्या शेजारी राहिलेल्या लोकांचा इतिहास आहे.

१९६५च्या कायद्याने हॉटेलं आणि सार्वजनिक जागांमध्ये वंशभेद करायला बंदी आली. घरं आणि भाड्याच्या खोल्या त्या कक्षेत यायला १९६८ उजाडलं, आणि तेव्हाही घरमालक स्वतः राहतो अशा लहान घरांना सूट राहिलीच. कायद्याने माणसांची मनं एका दिवसात बदलली नाहीत. पण जाहिरातीतली ती ओळ गेली आणि दारात नाकारलं गेलेल्याच्या हातात काहीतरी आलं.

मग उतरायचं कुठे?

इतिहासाने एवढं सांगितल्यावर त्याच्याकडून थोडा व्यवहारी सल्ला घ्यायला हरकत नाही. भागाच्या नावावर जाऊ नये, रस्ता पाहावा. खोलीच्या भाड्यात गाडीचं भाडं मिळवूनच तुलना करावी. शहराचे वर्तुळाकार झोन आणि सगळीकडे चालणारा पास १९८३पासून आहे, त्यामुळे हा हिशेब आता सोपा झाला आहे. विमानतळाची सोय हवी तर पॅडिंग्टन. २०२२मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनमुळे तिथून पूर्वेचं टोकही जवळ आलं. पायी हिंडायचं, ग्रंथालयं-संग्रहालयं पाहायची तर ब्लूम्सबरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली विद्यार्थी वसतिगृहंही प्रवाशांना खोल्या देतात. पैसे वाचवून मोठी खोली हवी तर पूर्वेला स्ट्रॅटफर्ड. २०१२च्या ऑलिम्पिकसाठी तिथे रेल्वेची एवढी सोय झाली, की जुन्या पूर्व लंडनचं लांब असणं उरलं नाही. पश्चिमेच्या वाऱ्याला आता धूरही वाहून न्यायचा नाही. जुन्या घराचं हॉटेल घ्याल तर खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे आधी विचारा.

फोनवरच्या दोन चाळण्या लावून आपण खोली घेतो, पैसे भरतो, निरोप येतो. आपल्या नावाकडे आणि चेहऱ्याकडे कुणी पाहत नाही, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीत धरता येणं ही गोष्ट लंडनमध्ये फार जुनी नाही, आणि ती तिथे आपोआप आलेली नाही. त्यासाठी कुणी पाच गिनींचा दावा लढवला, कुणी टेकडीवर घर घेतलं, कुणी संसदेत कायदा रेटला. मुंबई-पुण्यात भाड्याची जागा शोधताना भाग आणि भाडं जुळल्यावरही ‘आडनाव काय?’ आणि ‘खाणार काय?’ हे प्रश्न येतात. ते ऐकलेल्या माणसाला या तिसऱ्या चाळणीची ओळख करून द्यावी लागत नाही.